थंड खोलीतलं उकळणं

फेब्रुवारीत दिंडोरीला गेलो होतो. आमचा द्राक्षांचा माल प्रीकूलिंगला लावला होता, म्हणून रात्री मी आणि नाना पॅकहाऊसवरच थांबलो. जाड दाराआड पंख्यांची घरघर चालू होती. पाच-सहा तासांत माल चार अंशांवर यायला हवा, नाहीतर देठ सुकतात. नाना दारावरच्या आकड्याकडं बघत होते. मधेच म्हणाले, "तुझ्या त्या विजेच्या उकळण्याचं काय झालं रे पुढं?"

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट नानांच्या लक्षात होती!

एम.ई.ला माझा प्रकल्प होता विद्युतक्षेत्र लावून उकळण्याचा वेग वाढवण्याचा. फी द्राक्षांच्या पैशातून भरलेली. तेव्हा नानांनी विचारलं होतं, "आपल्या मालाला काही उपयोग?" आणि मी ठोकून दिलं होतं, "माल लवकर गार होईल."

अगदीच थाप नव्हती ती. त्या थंड खोलीतही उकळणं चालूच असतं. कॉइलमधला गॅस (आपण गॅस म्हणतो, पण आत जातो तो बहुतांशी द्रवच) शून्याच्या खाली उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता ओढून घेतो. तापलेल्या पृष्ठभागावर बुडबुडे धरून बसले की द्रव तिथं पोचत नाही. तव्यावरचा पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचतो ना, तसंच. समोर जाळी धरून दहा-पंधरा हजार व्होल्ट लावले की बुडबुडे लांबट होऊन पटापट सुटतात आणि द्रव आत घुसतो. प्रवाह इतका किरकोळ, की वीज एखाद-दोन वॉटच लागते. चब नावाच्या माणसानं 1916 मध्येच याचं ब्रिटिश पेटंट घेतलं होतं. काचेच्या भांड्यात मी ते पहिल्यांदा पाहिलं, त्या रात्री झोप आली नव्हती.

पण नानांना जे सांगायला हवं होतं ते वेगळंच होतं. खोलीतल्या कॉइलमध्ये अडथळा गॅसच्या बाजूला फारसा नसतोच, तो हवेच्या बाजूला असतो. त्यानंतर खोका, प्लॅस्टिकचं लायनर, मग मणी. आत गॅस दुप्पट वेगानं उकळवला, तरी द्राक्षाला पत्ता लागणार नाही. हे मला प्रबंध लिहितानाच कळलं होतं. फक्त घरी सांगितलं नाही. फीचे पैसे आठवायचे.

त्यात एका वर्षी एका कोल्ड स्टोअरेजमध्ये वीज गेली आणि जनरेटर चालूच झाला नाही. देठ तपकिरी पडले, एक्स्पोर्टचा माल लोकलला गेला. हजारो व्होल्टची बढाई मारणारा मी त्या दिवशी घरी फोनसुद्धा केला नाही...

असो. यावेळी सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की 2019 मध्ये अंतराळ स्थानकावर युरोपियन संस्थेनं याचा प्रयोग पाठवला होता, कारण तिथं वजनच नसल्यामुळं बुडबुडा आपोआप वर जात नाही, त्याला विद्युतक्षेत्रानं सोडवावं लागतं.

नाना ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पंख्यासमोर खोके दाटीनं लावू नयेत, एवढंच ना?"

"हो नाना."

"ते आम्हाला ठाऊक होतं."

आकडा सातवर आला होता. आम्ही चहा मागवला.