कागदावरचा माणूस

विमानाच्या वजनाचा हिशेब मांडणाऱ्या कागदावर, म्हणजे लोडशीटवर, प्रवाशाला नाव नसतं, वजन असतं. आपल्याकडच्या नियमात मोठा माणूस ७५ किलोचा, मूल ३५ चं, तान्हं १० चं. हातातली बॅग त्यातच धरलेली. खामगावचा पैलवान असो की परतवाड्याची आजी, कागदावर दोघंही ७५. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. पण शे-दीडशे माणसं एकत्र आली की कमीजास्त आपसात जिरतं, आणि एकेकाला काट्यावर चढवण्याचा तमाशा टळतो. या सरासरीवर भरवसा कुठवर ठेवायचा, हे कळलं की लोड कंट्रोलचं निम्मं काम आलं.

मी अकोल्याचा, पण हे काम शिकलो गोव्यात, दाबोळीवर, चार्टरच्या हंगामात. पाऊस ओसरला की इंग्लंड-रशियातून सुट्टीची विमानं यायची. युरोपच्या नियमात या विमानांना वेगळा रकाना आहे. एरवीच्या विमानात मोठा माणूस ८४ किलो, हॉलिडे चार्टरवर ७६. म्हणजे सुट्टीवर निघालेला माणूस कागदावर आठ किलोनं हलका! तीनशे जणांच्या विमानात हा फरक २४०० किलोंचा होतो. म्हणूनच तो रकाना कोणालाही लावता येत नाही, विमान खरोखर पॅकेज सहलीचं असावं लागतं.

येताना हिशेब बसायचा. परतीला मात्र त्याच माणसांच्या हातात काजूची पाकिटं, पितळेच्या मूर्ती, फेणीच्या बाटल्या. त्यात हिवाळ्यात पश्चिमेचे वरचे वारे समोरून येतात, प्रवास लांबतो, इंधन जास्त लागतं. एक टन इंधन वाढलं की वजनाच्या मर्यादेला टेकलेल्या विमानातून एक टन माल उतरतो. त्यात घासाघीस नाही. पूर्वी लहान विमानं आखातात थांबून इंधन भरत आणि पुढं जात, ते याचसाठी.

रकाना चुकला तर काय होतं, ते २०२० च्या जुलैत बर्मिंगहॅमला दिसलं. माजोर्काला निघालेल्या टुई कंपनीच्या बोईंग ७३७ च्या यादीत ‘मिस’ लावलेल्या ३८ बायका संगणकानं लहान मुली धरल्या. बाईसाठी धरायच्या ६९ किलोच्या जागी ३५. लोडशीट खऱ्या वजनापेक्षा १२४४ किलोंनी हलकी निघाली. विमान सुखरूप पोचलं, कारण सुरक्षेचे आकडे सैल हातानं ठरवलेले असतात. पण त्या सैलपणावर डोळा ठेवून कागद बनवणारा माणूस मला शेजारच्या टेबलावर नको.

आपल्या वऱ्हाडाला चार्टर नवं नाही. अमरावती-अकोल्याचे हाजी नागपूरहून जातात, ते चार्टरच. सुट्टीचा रकाना तिथं कामाचा नाही. म्हातारी माणसं, महिनाभराचा मुक्काम, बॅगेत चटण्या, लोणची, औषधाच्या पिशव्या. मला त्यातली जमजमच्या पाण्याची व्यवस्था फार आवडते. प्रत्येक हाजीला पाच लिटरचा कॅन. तीनशे जणांचं झालं दीड टन. हे पाणी हाजींच्या सामानात घेऊच देत नाहीत. त्यांना तिकडं सोडून विमान रिकामं परततं, तेव्हा कॅन पोटात भरून आधीच आणून ठेवतात, आणि हाजी उतरले की हातात देतात. रिकाम्या विमानाला वजन मिळतं, भरलेल्याचा भार हलका होतो. शिवाय पाण्याचं वजन सरासरीचं नसतं, नेमकं असतं.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान सुरू झालं आणि घरच्या लग्नाकार्यात मला एकच प्रश्न यायला लागला: “भाऊ, संत्र्याची पेटी चालते का?” विमान एटीआर ७२, सत्तरेक जागांचं. सत्तर माणसं ७५ किलोंनी ५२५० किलो, पंधरा-पंधरा किलोच्या बॅगा १०५० किलो. झाले सहा टनांवर. विमानाचं स्वतःचं साडेतेरा टनांच्या आसपास, वर इंधन. मुंबईत आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या तर लागेल तेही त्यातच. उड्डाणाची कमाल मर्यादा २३ टन. एटीआरचं चढण्याचं दार मागं असतं, म्हणून माणसं चढताना शेपटाखाली टेकू लावतात. तो टेकू बघत उभं राहिलं की वजन किती, यापेक्षा वजन कुठं, हे डोळ्यांनी कळतं.

आता मे महिना घ्या. ४५ अंशाला हवा १५ अंशाच्या मानानं जवळपास दहा टक्क्यांनी पातळ होते. बेलोरा समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून जास्त उंच, त्यानं आणखी थोडी. पंख्यालाही हवा कमी, पंखालाही. १८५० मीटरची धावपट्टी एटीआरला पुरते; पण नियम विचारतो ते वेगळंच: धावताना एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एकावर चाकं आत घेऊन २.४ टक्क्यांचा चढ जमेल का? उत्तर ‘नाही’ आलं की २३ टन कागदावरच राहतात. शिवणीला, आमच्या अकोल्याला, अडचण त्याआधीची आहे. तिथली धावपट्टीच आखूड, आणि ती वाढवायची तर जमीन लागते. सभांमध्ये ‘विमान कधी’ एवढंच विचारतात. भर दुपारी किती माणसं घेऊन उडेल, हे विचारलं पाहिजे; लांबीचं उत्तर त्यातच आहे. मला विचाराल तर निम्म्या जागा रिकाम्या ठेवून उडणारं विमान दोन वर्षंही टिकत नाही.

“दोन किलोनं काय इमान पडते का?” असं काउंटरवर हमखास ऐकू येतं. नाही पडत. पण सत्तर जणांनी हातातल्या पिशवीत दोन-दोन किलो लपवले तर १४० किलो होतात, म्हणजे कागदावर नसलेली जवळजवळ दोन माणसं. तेव्हा उन्हाळ्यात बेलोऱ्याला जाल तर हातातली पिशवीही काट्यावर ठेवा, आणि एखादी बॅग मागं ठेवावी लागेल असं काउंटरवरचं पोरगं म्हणालं तर त्याच्याशी भांडू नका. तो आकडा त्यानं ठरवलेला नसतो, आणि बॅग पुढच्या विमानानं येते.