तहान मारणे हे तप नव्हे

ज्येष्ठ महिना लागला की म्हसवडला आमच्या ओट्यावर वारीला निघणारी मंडळी येऊन बसतात. चाळीसेक वर्षे मी कीर्तनाला उभा राहिलो, तेव्हा पाठ सांभाळण्याचे काही गुपित माझ्याजवळ असेल असे त्यांना वाटते. "महाराज, कंबर धरते, तेल कोणतं लावू?" "पट्टा बांधू का?" असे विचारतात. पाण्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज पाण्यावरच चार शब्द लिहितो.

आमचा माणदेश पर्जन्यछायेतला. माणगंगा पावसाळ्यात वाहिली तर वाहिली, एरवी वाळूच. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी पडली होती, ती आठवली की अजून घसा कोरडा होतो. अशा मुलखात घरातल्या बाईला एक सवय जडते. हंडा डोक्यावर ती आणते, पण पिते सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यांत कमी. तहान मारणे हा इथे गुण ठरला आणि हाच गुण आपण वारीतही बरोबर नेतो.

आता पाठीचा आणि पाण्याचा संबंध पाहू. मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, हे टाळकऱ्याला सांगायला नको. कणीक ओली आहे तोवर घुमारा आहे. वाळली की बोल बसका होतो. आपल्या कण्यात मणक्यांच्या मधे अशाच ओल्या गाद्या आहेत, एकूण २३. तरुणपणी गादीच्या गाभ्यात १०० पैकी ८० भागांहून अधिक पाणी असते. वय वाढते तसे ते कमी होते. दिवसभर उभे राहून, चालून गाद्या दाबल्या जातात आणि त्यांतले थोडे पाणी बाहेर पडते. रात्री आडवे झाले की त्या ते पुन्हा शोषून घेतात. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. मोठ्या माणसाच्या या गाद्यांत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. दाब पडणे आणि सुटणे, चालणे आणि निजणे, यावरच त्यांचे पोषण चालते. दुपारचा विसावा आणि रात्रीची झोप हा आळस नव्हे, ती पाठीची भाकरी आहे.

पण दृष्टांत ताणू नये. कणकेला वरून पाण्याचा हात लावता येतो, गादीला नाही. झिजलेली गादी तांब्याभर पाण्याने भरून येत नाही, आणि पाणी हे पाठदुखीचे औषध आहे असे मी म्हणणार नाही. पाणी न पिण्याने जे दुखणे ओढवते, ते मात्र खरे आहे. घामावाटे पाणी आणि मीठ गेले की स्नायू लवकर थकतात, पायात गोळे येतात. थकलेल्या पाठीने ओझे उचलले की उसण भरते. लघवी घट्ट झाली की उन्हाळी लागते, मुतखड्याला वाव मिळतो. त्या खड्याची कळ कुशीतून पाठीत येते आणि माणूस मणक्याला तेल चोळत बसतो.

एका वर्षी वेळापूरच्या मुक्कामी आमच्या दिंडीतली एक माउली कंबर धरून बसली होती. दोन दिवस तिच्या पाठीला तेल चोळणे चालू होते. आरोग्य पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासले, तर दुखणे मणक्याचे नव्हतेच, मूत्रमार्गाचे होते. पाणी किती पिता, असे विचारल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, "पाणी पिलं तर जाऊ कुठं?"

या एका वाक्यापुढे माझी सगळी निरूपणे थिटी आहेत. पुरुष रस्त्याच्या कडेला उभा राहतो. बाईला आडोसा लागतो. तो नसला की ती पहाटे अंधारात जाऊन येते आणि मग दिवसभर ओठ ओले करण्यापुरते पाणी घेते. अलीकडे 'निर्मल वारी'च्या उपक्रमात मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी राहू लागली, हे मोठे पुण्याचे काम. पण दोन मुक्कामांच्या मधली वाट लांब असते. पुणे सोडून दिवे घाट चढून सासवडला पोहोचायचा टप्पा माउलींच्या सोहळ्यातला मोठा, आणि बहुधा एकादशीलाच येतो. पोटात अन्न थोडे, अंगाला घाम फार. आपल्या एकादशीला पाणी वर्ज्य नाही. त्या दिवशी तर ते अधिक हवे.

काही जण तहानेलाही तप मानतात. त्यांनी नाथांना आठवावे. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती कावड त्याच्या मुखी रिती केली. पुढे त्यांच्याच वाड्यात देवाने श्रीखंड्या होऊन पाणी भरले, ही कथा आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. ज्या संप्रदायात देव पाणक्या झाला, तिथे आपल्याच दिंडीतल्या लेकीबाळींनी आडोशाअभावी तहानलेले राहावे, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून दिंडीचालकांना विनंती. प्रस्थानाआधी वाटेतल्या दोन-तीन जागा बायकांसाठी ठरवा आणि त्यांची जबाबदारी दोघी जाणत्या बायकांवर सोपवा. मग पाणी पाजा, घोटघोट, दर तासाला. एकदम तांब्याभर रिचवायला लावू नका. आमच्या गुरूंचा दंडक होता की कीर्तनाच्या तासभर आधी पाणी प्यायचे, मोकळे होऊन यायचे, मगच उभे राहायचे. तोच चालण्याला लावावा. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर पाणी पुरते आहे. गडद पिवळी झाली तर कमी पडते आहे. फार घाम गेला, जुलाब झाले, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती पाणी प्यायचे ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. पाठदुखीबरोबर ताप आला, लघवीतून रक्त गेले, पाय बधिर किंवा लुळा पडला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर तेल-पट्टा बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

यंदा दिंडीच्या सामानाची यादी कराल, तेव्हा तेलाच्या बाटलीच्या आधी चार बांबू आणि चार चादरी लिहा. आडोसा झाला की पाणी आपोआप प्यायले जाईल.

रामकृष्ण हरी.