सालईची खुंटं

सालईचं बी फसवं. फळं धरतात, पण बरीचशी पोकळ निघतात. त्यातून उगवलेली रोपं उन्हाळ्यात वाळतात नाहीतर वणव्यात जातात. म्हणून मालेगाव तालुक्यातल्या आमच्या बरड शेताच्या धुऱ्यावर मी फांद्याच लावायचं ठरवलं. काटेपूर्णा अभयारण्य जवळ आहे, पण तिथली डहाळी तोडणं म्हणजे गुन्हा. शेजारच्या काकांच्या धुऱ्यावर एक जुनी सालई आहे. साल पापुद्र्यांनी सुटलेली, जखमेतून पिवळसर डिंक ओघळलेला. निखाऱ्यावर टाकला की लोबानाचा वास येतो. येणारच, अरबस्तानातला लोबान देणारं झाड हिच्याच कुळातलं.

मे महिन्यात झाड निष्पर्ण असतं, तेव्हा सगळं अन्न लाकडात असतं. मनगटाएवढ्या फांद्या तोडल्या, चीक वाळेपर्यंत सावलीत ठेवल्या आणि मुरमात हातभर खोल रोवल्या. काळ्या मातीत पाणी धरून बुड सडतं.

वाद झाला खतावरून. आमचा सोयाबीनचा मुलूख. डीएपीशिवाय पेरणी कोणाला सुचत नाही. त्यात 18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद. पुतण्या म्हणाला, मूठ-मूठ टाकू. काका म्हणाले, "अरे बाबू, मुळीच नाई अजून, तं खाईन कोन?" शेवटी एका ओळीला खत दिलं, दुसरीला नाही.

पाऊस पडताच दोन्ही ओळी पालवल्या. पुतण्या खूश! पण ही पालवी लाकडातल्या शिदोरीवर फुटते, खाली मुळी असो वा नसो. आषाढात खताच्या ओळीची पानं लोंबली. उपटून पाहिलं तर बुड काळं, मऊ. खताच्या क्षारानं कापलेला भागच होरपळलेला. दुसऱ्या ओळीतही काही खुंटं गेली, पण जगली त्यांना पांढऱ्या मुळ्या होत्या. त्यांना पुढच्या पावसाळ्यात कुजलेलं शेणखत दिलं, तेही बुडापासून लांब.

सालईला कोणी फारसं विचारत नाही. मऊ लाकूड म्हणून नेपानगरच्या कारखान्यात तिचा वृत्तपत्रासाठी कागद झाला. जिथं डिंक काढतात तिथं हावरेपणानं खोल खाचा पाडून उभी झाडं वाळवली जातात. आमच्या खुंटांना आत्ता कुठे फांद्या फुटल्यात आणि पुतण्या डिंकाचा भाव विचारून आलाय. खोड कवेत मावेनासं होईपर्यंत मी तरी कुऱ्हाड लावू देणार नाही.