घरांतील ग्रंथांचें कपाट

रत्नागिरीस १८२८ सालीं स्थापन झालेलें नगर वाचनालय असतां घरीं ग्रंथसंग्रह कशास, असें चिरंजीव पुसतात. वाचनालयाचें पुस्तक परत करावें लागतें. वडिलांच्या हातचीं टिपणें असलेला अमरकोश घरींच राहावयास हवा. मात्र जांभ्याच्या भिंतींत कोनाडे खोदून कपाट करण्याचा त्यांचा बेत आम्हांस मान्य नाहीं. मृगापासून पडणारा येथील पाऊस भिंतींत मुरतो; मागोमाग बुरशी व वाळवी येतेच. कपाट भिंतीपासून वीतभर पुढें, पायांवर उभें असावें. पोथ्या सुती रुमालांत, वेखंडासह. कांचेचीं दारें शोभिवंत खरीं, पण कोंदट! आणि खालचा कप्पा नातवंडांचा. त्यास कुलूप नको. सूनबाईंनीं माजघरांतील पूर्वेच्या खिडकीलगतची जागा देऊं केली आहे. तेथें त्यांचें लोणच्याचें फडताळ होतें.