दिवा मालवणारी

मिरजेत तंबोरे करणाऱ्याला चष्म्याचं दुकान काही नवं नाही. तारा टेकतात त्या घोडीवर जवारी लावायची, सूर घुमवायचा, तर केसाएवढी उंची-खोली दिसावी लागते. उजवी पापणी जड वाटायला लागली, तेव्हा पंचेचाळिशी आली, नंबर वाढला असेल, असं समजून गेलो.

नंबर काढणारी मुलगी जेमतेम पंचविशीची. तिने दिवा मालवला, टॉर्च तिरका धरून दोन्ही डोळे पाहिले. दिवा लावला, पुन्हा मालवला.

"काका, मान दुखते का?"

दुखत होती. आठ दिवसांपूर्वी केस कापल्यावर नेहमीसारखी कडकन मोडून घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून उजव्या जबड्याखालून कानामागे कळ. मणक्याचं दुखणं म्हणून गोळ्याही चालू होत्या. रात्री त्याच कानात नाडीचे ठोके ऐकू यायचे. सुरांवर जगणारा माणूस मी, तरी ते कुणाला बोललो नव्हतो. तिने विचारलं म्हणून सांगितलं.

"चष्मा राहू दे. उजवी बाहुली अंधारात मोठी होत नाही. आत्ताच्या आत्ता मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं."

शटर ओढून ती माझ्यासोबत रिक्षात बसली. घरी फोनही तिनेच केला.

अँजिओग्राफीत दिसलं: मेंदूकडे जाणाऱ्या उजव्या धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं. फटीतून रक्त भिंतीत शिरतं, भिंत फुगते, गुठळी धरते. तिचा तुकडा सुटून वर गेला की पक्षाघात. बाहुलीचे मज्जातंतू याच धमनीला बिलगून जातात, म्हणून डोळ्याने आधी खूण दिली. पन्नाशीच्या आतल्यांना येणाऱ्या पक्षाघाताचं हे एक मोठं कारण आहे, हे मला तिथे कळलं. मान मोडल्यानेच फाटली का, हे डॉक्टर ठामपणे सांगेनात. जोराच्या खोकल्यानेही फाटते म्हणाले. पण मान पुन्हा कुणाच्या हातात द्यायची नाही, हे बजावलं.

उजव्या धमनीतून गुठळी सुटली तर बहुधा डावी बाजू जाते. कानस चालवताना घोडी धरून ठेवतो, तो माझा डावा हात. रात्रभर मी त्याची बोटं उघडमीट करत पडलो होतो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांवर तीन महिने काढले. पुन्हा तपासलं तेव्हा धमनी भरून आली होती. पेढे घेऊन तिच्याकडे गेलो. तिने पुडा बाजूला ठेवला, मला खुर्चीत बसवलं आणि आधी दिवा मालवला.

"अजून जरा लहानच आहे, काका," ती म्हणाली. "पण पापणी उचललीय. चला, आता नंबर काढू."