‘चालवून घेण्या’ची किंमत



घरात नवी वस्तू आली की तिच्याकडे पाहणारी आपली दृष्टी काही दिवस मोठी उदार असते. कपाटाचे दार किंचित अडते, खिडकीची कडी नीट लागत नाही, फरशीचा एखादा कोपरा पायाला टोचतो. पण ‘नवे आहे, होईल हळूहळू ठीक’ असे म्हणून आपण ते सारे चालवून घेतो. ही वृत्ती संसाराला आवश्यकच आहे. प्रत्येक उणिवेवरून वाद घालणाऱ्या घरात शांतता कशी नांदेल? तथापि ज्या वस्तूवर घरातील माणसे दिवसरात्र पाय ठेवतात, तिच्या बाबतीत या उदारतेला मर्यादा असली पाहिजे, असे मला अनुभवान्ती वाटू लागले आहे. तोच अनुभव आज आपल्यापुढे मांडते.

आमचे वास्तव्य गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये आहे. आपल्याकडे गालिचा म्हणजे पाहुणे यायचे म्हणून पसरायचा आणि एरवी गुंडाळून ठेवायचा. येथील थंड हवेत मात्र पुष्कळ घरांतून कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत, अगदी जिन्याच्या पायऱ्यांवरदेखील, कायमचे बसवलेले असते. खोलीच्या कडेने बारीक टोकदार खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या ठोकतात, मध्ये मऊ अस्तर अंथरतात आणि त्यावर कार्पेट चोहोबाजूंनी ताणून त्या खिळ्यांत अडकवतात. सारे कौशल्य या ताणात असते. ताण कमी पडला, तर कापड सैल राहते आणि पुढे त्याला वळ्या पडतात.

गतवर्षी ऑक्टोबरात आम्ही दिवाणखाना, जिना आणि वरच्या मजल्यावरील एक खोली यांत नवे कार्पेट बसवून घेतले. ती खोली माझ्या सासूबाईंची. वय ७८. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या. काम शनिवारी संपले आणि घर कसे उबदार, नवेकोरे दिसू लागले. मात्र दोन दिवसांत एकेक दोष नजरेस येऊ लागले. खोलीभर उग्र वास होता. खिडकीजवळचा एक पट्टा इतर भागापेक्षा गडद दिसत होता. मधूनच एखादा धागा वर डोकावत होता. सासूबाईंच्या दाराशी कापडाला एक आडवी वळी पडली होती, आणि जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीच्या कडेवरचे कार्पेट बोटांच्या चिमटीत सहज उचलले जात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझे लक्ष कार्पेटवरून सासूबाईंच्या पावलांकडे गेले. दाराशी येताच त्या क्षणभर थांबत, एक हात चौकटीवर टेकवत आणि वळीवरून लांब पाऊल टाकीत. जिन्यावर त्या तिसऱ्या पायरीला दोन्ही पाय टेकवून मगच पुढे उतरत. यापूर्वी त्यांची चाल अशी नव्हती. मी विचारले, “आई, इथे पाय अडतो का?” त्या हसून म्हणाल्या, “अगं, चालतंय. आपण जरा पाय उचलून टाकायचा. त्या कारागिराच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?”

या उत्तरातील माणुसकी मला मान्यच होती. परंतु त्याच वाक्यात धोकाही दडलेला होता. वस्तूतील दोष आपण ‘चालवून घेतो’ असे म्हणतो, तेव्हा त्या दोषाशी जुळवून घेण्याचे कष्ट घरातील कोणाच्या तरी शरीराला पडतात. माझी मुले त्या वळीवरून उड्या मारीत जात होती, माझ्या यजमानांना ती जाणवलीही नव्हती. जुळवून घेत होती ती घरातील सर्वांत वयस्कर व्यक्ती. तीच सर्वांत कमी बोलणारीही होती.

यामागील शरीरशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. सपाट जमिनीवर चालताना पुढे जाणाऱ्या पावलाचे टोक जमिनीपासून फार वर नसते. एका ठरावीक क्षणी ते अंतर साधारण एक ते दोन सेंटिमीटर इतकेच उरते. उतारवयात पाऊल आणखी खालून सरकू लागते, तोल सावरण्याचा वेग मंदावतो, आणि दुहेरी भिंगांचा चष्मा असेल तर पायऱ्यांच्या कडा अस्पष्ट दिसतात. आमच्या दाराशी असलेली वळी मी पट्टीने मोजली. ती सुमारे दीड सेंटिमीटर उंच होती! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरातील अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे ओढवणाऱ्या मृत्यूंत पडणे हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि त्याची सर्वाधिक झळ साठीपुढील माणसांना बसते. शिवाय प्रत्यक्ष पडले नाही, तरी पडण्याची भीती स्वतःच घातक ठरते. माणूस चालणे कमी करतो, त्यामुळे स्नायू दुबळे होतात आणि पडण्याची शक्यता वाढते.

म्हणून सर्व दोषांना एकाच मापाने न मोजता आम्ही त्यांची तीन गटांत विभागणी केली. आपल्या घरी अशी वेळ आली, तर हीच रीत उपयोगी पडेल.

पहिल्या गटात काळाच्या ओघात मावळणारे किंवा मुळात दोषच नसलेले प्रकार येतात. गडद दिसणारा पट्टा हा बहुधा लव निराळ्या दिशेला झुकल्याचा परिणाम असतो. हात फिरवला की रंग पालटतो. लोकरीच्या नव्या कार्पेटमधून आरंभी सुटे तंतू निघतात, ते नियमित व्हॅक्यूम केल्याने कमी होत जातात. वर आलेला धागा कधीही ओढू नये. कात्रीने लवेच्या पातळीवर कापावा. गुंडाळून ठेवल्याच्या खुणाही काही आठवड्यांत जातात.

दुसरा गट डोळ्यांना खुपणाऱ्या, पण पायांना न अडणाऱ्या दोषांचा. उदाहरणार्थ, दोन तुकड्यांच्या सांध्याची रेघ दिसणे किंवा त्यांच्या रंगछटेत फरक असणे. त्याबद्दल दुकानाशी अवश्य बोलावे, परंतु त्यासाठी झोप घालवू नये.

तिसरा गट आरोग्याला भिडणारा असतो, आणि त्यात थांबणे नको. सैल पायरी, वर उचललेली कड, उंबरठ्याजवळची वळी हे सारे यात आले. वळी आणि गुंडाळल्याची खूण यांतील फरक ओळखणे सोपे आहे. खूण दाबली की कापड जागीच बसते. वळी दाबली की ती पुढे सरकते, कारण तेथे कापड अस्तरापासून सुटलेले असते. ती चालून चालून सपाट होत नाही. वापराने बहुधा वाढतेच. वासाचेही असेच तारतम्य आहे. पाठीमागील लेटेक्सच्या थरातून उडून जाणाऱ्या रसायनांचा नवा वास खिडक्या उघड्या ठेवल्यास काही दिवसांत ओसरतो. दम्याच्या रुग्णाने तोवर त्या खोलीत झोपू नये. मात्र आठवडे लोटूनही वास टिकला किंवा तो कुबट असला, तर खालच्या जमिनीत ओल आहे का, हे तपासावे.

त्याच दिवशी आम्ही सासूबाईंचा बिछाना खालच्या मजल्यावर आणला आणि रात्री पायांजवळ मंद दिवा ठेवला. नंतर वळीशेजारी पट्टी उभी धरून छायाचित्रे काढली आणि दुकानाला पत्र लिहिले. पत्रात आरोप नव्हता. काम कोणत्या दिवशी झाले, दोष कोठे आहे, त्याची उंची किती, घरात कोण राहते आणि आम्हांला काय करून हवे आहे, एवढेच होते. ‘काही आठवडे वापरा, बसेल आपोआप’ असे उत्तर आले. आम्ही वळी आणि खूण यांतील फरक पुन्हा लिहून कळवला आणि येथील २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याकडे सौम्यपणे लक्ष वेधले. सेवा वाजवी काळजीने व कौशल्याने दिली गेली पाहिजे आणि तसे झाले नसेल तर ते काम वाजवी मुदतीत, ग्राहकाला खर्च न लावता पुन्हा करून दिले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. अकराव्या दिवशी कारागीर दारात उभा होता.

त्याने कार्पेटची एक कड खिळ्यांतून सोडवली, समोरच्या भिंतीला टेकणाऱ्या लांब अवजाराने कापड ताणले आणि जादा झालेली पट्टी कापून माझ्या हाती दिली. दोन बोटे रुंदीची ती पट्टी! एवढ्याशा सैलपणाने सासूबाईंची चाल बदलली होती. नंतर जिन्यावरचे सैल कापड त्याने बोथट छिन्नीने पायरीच्या खाचेत घट्ट बसवले. “पायरीच्या कडेवर चिमटीने ओढून पाहा, कापड हलता कामा नये,” असे त्याने दाखवूनही दिले. सासूबाईंनी त्याला चहा आणि घरच्या शंकरपाळ्या दिल्या. कोणाच्याही पोटावर पाय आला नव्हता.

परंतु येथे गोष्ट संपत नाही, आणि हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. वळी गेल्यावरही सासूबाई त्या जागी थबकत, चौकट धरत आणि लांब पाऊल टाकत. जमीन सरळ झाली होती. शरीराला ते अजून पटले नव्हते. मग रोज सकाळी मी त्यांच्या शेजारून त्या दारातून चार-पाच फेऱ्या मारू लागले. हात धरायचा नाही, फक्त सोबत चालायचे. त्या वेळी आम्ही साताऱ्याच्या बाजारातील भाजीच्या भावापासून नातवंडांच्या शाळेपर्यंत सगळे बोलत असू. सुमारे दोन आठवड्यांनी त्या बोलता बोलता न थांबता दार ओलांडून गेल्या आणि त्यांच्या ते लक्षातही आले नाही.

आपल्या घरी कार्पेट नसेल. नव्या फरश्या असतील, लाकडी पट्ट्यांची जमीन असेल, न्हाणीघराचा उतार चुकलेला असेल. पण नियम तोच लागू पडतो. भारतातही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ‘सेवेतील त्रुटी’ला दाद देतो, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. पावती जपावी, मोजमाप व छायाचित्रे ठेवावीत, मागणी लेखी करावी आणि भाषा सभ्य ठेवावी.

मात्र या सर्वांच्या आधी एक काम आहे, आणि त्याला कायदा लागत नाही. नवे काम झाल्यावर दोन-तीन दिवस घरातील वडीलधाऱ्यांच्या पावलांकडे पाहा. ती कोठे थांबतात, हात कशाचा आधार शोधतो, कोणती वाट टाळली जाते, याची नोंद घ्या. त्यांना विचाराल, तर ‘चालतंय’ असेच उत्तर मिळेल. म्हणून विचारण्याबरोबरच पाहायलाही हवे.