वांग्याची सही

बावीस वर्षं मी बँकेत लोकांच्या सह्या पडताळतो आहे. बी. कॉम. झालो तेव्हा जगात डेबिट आणि क्रेडिट याखेरीज तिसरं काही नसतं अशी माझी समजूत होती. तिसरी वस्तू म्हणजे ग्राहकाची सही, हे काउंटरवर बसल्यावर कळलं. एवढ्याशा भांडवलावर भाचीने मला थेट विज्ञानाच्या दारात नेऊन उभं केलं.

ती वांग्याच्या जातींवर संशोधन करते. (आमच्या घरी वांग्यावर फक्त भांडणं होतात.) रविवारी लॅपटॉप उघडून म्हणाली, "मामा, या रेघा मोज. सॉफ्टवेअरने मोजल्यात, पण माणसाशी ताळा करायचाय."

पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या रेघा होत्या. पावसात भिजलेल्या पासबुकाचा एक्स-रे काढावा तशा. जेल म्हणजे आपल्या चायना ग्रासचंच सोवळं भावंड. एका टोकाला डीएनएचे तुकडे ठेवून वीज सोडली की ते धन टोकाकडे निघतात. लहान तुकडे सटकतात, मोठे रेंगाळतात. पेन्शनच्या दिवशीची आमची रांगच! १९८४ मध्ये लेस्टरला अॅलेक जेफ्रीज यांना अशा रेघांत माणसाची ओळख सापडली. पुढच्याच वर्षी घानाहून आलेला एक मुलगा त्याच्या आईचाच, हे त्यावरून ठरलं आणि तो इंग्लंडात राहिला. तेव्हा रेघा डोळ्यांनीच जुळवत. १९८९ च्या न्यूयॉर्कच्या एका खटल्यात मात्र 'जुळल्या' हा प्रयोगशाळेचा शब्द न्यायालयाने मानला नाही.

मी मोजल्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या, एकवीस. सॉफ्टवेअर वीसवर ठाम. ते प्रत्येक रांगेच्या उजेडाचा आलेख काढतं. उंचवटा दिसला की रेघ. त्याला चहा लागत नाही, हा एक फायदाच.

"आणि हे वाकडं का?"

"जेल हसतंय, मामा. मधे तापलं की मधल्या रांगा पुढे पळतात. माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांच्या रांगा मधून मधून घातलेल्या असतात, त्यांच्यावरून सॉफ्टवेअर सगळं सरळ करून घेतं."

"मग दोन रेघा एकच, असं कधी म्हणायचं?"

"टॉलरन्स. तो आपण द्यायचा. फार कमी दिला तर आपलीच रेघ परकी ठरते, जास्त दिला तर परकी आपली."

मी चहाचा कप खाली ठेवला. गुरुवारी एका निवृत्त गुरुजींची स्लिप मी तीनदा परत केली होती. हात थरथरतो, सही उजवीकडे खाली घसरते. "अहो, मीच आहे ना!" ते म्हणाले. "तुम्ही आहात हो, पण सही नाही म्हणते," असं बोलून मी पुढचा टोकन नंबर पुकारला होता. बायकोच्या औषधांचे पैसे होते ते.

सोमवारी फोन केला. ओळखीचे दोन साक्षीदार आणा, अंगठा घेऊ, म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. "चाळीस वर्षं पोरांना सही करायला शिकवली हो मी."

मग साहेबांना विचारून नवं नमुना सहीचं कार्ड काढलं. गुरुजी आले, टेबलाला हात टेकवून त्यांनी तीन सह्या केल्या. तिन्ही घसरलेल्या, पण अगदी एकसारख्या घसरलेल्या. मी तिन्ही घेतल्या आणि स्लिप पुढे सरकवली.